सतरा नंबरची डबी

लॅबमध्ये माझं काम काचा धुण्याचं आहे. गावात सगळे समजतात की मी तपासते. मी कोणाला खरं सांगत बसत नाही, कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागतं. सकाळच्या बसनं वसमतला उतरते, लॅब झाडते, फरशी पुसते आणि मोरीपाशी बसून आदल्या दिवशीच्या काचा आणि नळ्या धुते. चौथी शिकलेली असल्यानं चिठ्ठीवरचं नाव आणि नंबर वाचता येतो. एवढ्यावर लॅबवाल्या सरांनी ठेवून घेतलं. दुसरं कारण ते स्वतःच लोकांना सांगतात, "मावशी बोलत न्हाईत. पेशंटची गोष्ट इथून भाईर जात न्हाई."

लहानपणापासून मी अशीच आहे. चार माणसांत माझं नाव कोणी घेतलं तरी घसा कोरडा पडतो. घरचे मालक होते तोवर ते बोलायचे आणि मी मागं उभी राहायचे. ते गेल्यावर माझ्या वाटचं मुलगी बोलायला लागली. दुकानात, दवाखान्यात, तलाठ्यापुढं तीच बोलायची. दहावी झालेली, धीट. तिचं लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्या वाटचं कोण बोलणार.

तिला हिंगोलीच्या पुढं गोरेगावकडं दिली. घर चांगलं, हळदीचं रान, विहिरीला पाणी. तिसऱ्या वर्षी नात झाली. बाळंतपणानंतर मुलगी उठली ती कामालाच लागली. पावसाळाभर हळदीत खुरपायला अनवाणी जायची, कारण चिखलात चप्पल रुतते. रानाच्या बांधापलीकडं सगळी वस्ती परसाकडला जाते, आणि पाऊस आला की तिकडचं पाणी हळदीच्या वाफ्यात उतरतं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात तिला खाज सुटली होती. फोनवर तिनं मला ते सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "खोबऱ्याचं तेल लाव."

वर्षभरानं जावई तिला आमच्या दारात सोडून गेले. ती पांढरी पडली होती. पांढरी म्हणजे कशी, तर हाताची नखंसुद्धा पांढरी. दोन पायऱ्या चढून बसली आणि धापा टाकायला लागली. लेकरू सोबत नव्हतं. विहीणबाईंनी ठेवून घेतलं होतं.

विहीणबाईंचा निरोप जावयांनी जसाच्या तसा सांगितला. त्या म्हणाल्या होत्या, "पोरीला आधीपासनं काही दुखणं व्हतं, तुमी लपवून दिली. पोटात जंतबिंत असतील तर तसा कागद आणा. जंत कोणालाबी व्हतात, आमी औषध करू, सून घरात घेऊ. कागद न्हाई आला तर नातीला आजारी माय नको."

असा तो सरळ हिशेब होता. पोटात जंत निघाले तर मुलीला तिचं लेकरू मिळणार होतं. जंत निघावेत म्हणून कोणी देवाला हात जोडतं का? मी जोडले.

मी काम करते त्याच लॅबमध्ये तिला नेलं. रक्त सहा निघालं, बारा हवं तिथं. सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. संडासची तपासणीसुद्धा करायची म्हटल्यावर मला मोरीत तोंड लपवावंसं वाटलं. इतकी वर्षं मी परक्यांच्या डब्या धुतल्या, पण माझ्याच मुलीची डबी सरांच्या टेबलापर्यंत पदराखाली झाकून नेली. सरांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं बघितलं. काचेवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, शेजारी आयोडीनचा थेंब टाकायचा. काडीच्या टोकावर जवसाच्या दाण्याएवढं घेऊन दोन्ही थेंबांत कालवायचं, वर पातळ काच ठेवायची आणि दुर्बिणीखाली धरायचं. पुढ्यातला चहा निवायच्या आत सरांचं बघून होतं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'अंडी अथवा अळ्या दिसल्या नाहीत.'

आठ दिवसांनी पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

मुलगी तो कागद घडी करून ठेवताना म्हणाली, "माय, न्हाई म्हणजे न्हाईच का गं?"

त्याच महिन्यात कॉलेजच्या मॅडम आल्या. बाहेरच्या जिल्ह्यातल्या, तरुण, बारीक आवाजाच्या. पोटातले जंत ओळखायच्या निरनिराळ्या पद्धतींत कोणती बरी, याचा त्या अभ्यास करत होत्या. सरांच्या लॅबमधली मागची खोली त्यांनी महिनाभर मागून घेतली. त्यांच्याबरोबर नळ्या फिरवायचं यंत्र आलं, रॉकेलपेक्षा उग्र वासाच्या बाटल्या आल्या, आणि मिठाची एक मोठी पिशवी आली. मीठ बघून सर हसले, "मॅडम, लोणचं घालून राहिल्या का?"

मॅडम पण हसल्या. "लोणच्याचंच मीठ आहे, सर. विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात टाकायचं."

त्यांच्या काचा मीच धुवायचे, म्हणून त्यांचं काम रोज माझ्या डोळ्यांपुढं असायचं. एका डबीतून त्या तीन वाटण्या करायच्या. पहिली आमच्या सरांच्या पद्धतीनं, थेट काचेवर. दुसरी मिठाच्या पाण्याची. त्या खारट पाण्यात संडास कालवून, गाळून, छोटी नळी काठोकाठ भरायची आणि तोंडावर काच ठेवायची. अंडी हलकी असतात, ती वर तरंगत येतात आणि काचेला चिकटतात. अर्ध्या तासाच्या आत काच उचलायची, उशीर झाला तर अंडी आक्रसतात, ओळखू येत नाहीत. तिसरी त्या उग्र बाटल्यांची. त्यात सगळं उलटं. यंत्रात नळी गरगर फिरवली की चरबी आणि चोथा वर राहतो आणि जे शोधायचं ते तळाला बसतं. मॅडम सांगायच्या, काही जंतांची अंडी जड असतात, ती मिठात तरंगत नाहीत, तळालाच सापडतात. काही इतकी नाजूक की मिठानं चिपकून जातात. म्हणून एकाच पद्धतीवर विसंबायचं नाही.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "मावशी, या. इतक्या काचा धुता, एकदा बघा तरी काय धुता ते."

दुसऱ्या एका गावची डबी होती. मी एक डोळा मिटून बघितलं. आधी माझीच पापणी दिसली. मग एक लांबट गोल दिसला, कडेला बारीक रेघ, आणि आत शिजलेल्या साबुदाण्यासारखे चार मणी.

"हे अंडं," मॅडम म्हणाल्या. "यातून अळी निघते, ओल्या मातीत वाढते आणि अनवाणी पायातून आत शिरते. पायाला खाज सुटते बघा. मग आतड्याला चिकटते आणि तिथून थेंब थेंब रक्त जात राहतं. माणूस पांढरं पडतं."

मी विचारलं. हे आठवताना मलाच नवल वाटतं, पण मी विचारलं. "सरांच्या काचेवर दिसलं व्हतं का हे?"

"नाही. याच डबीची थेट काच सरांनी आणि मी दोघांनी बघितली, काही नव्हतं. जवसाएवढ्यात अंडं नसलं तर दिसणार कुठून? मिठाच्या पाण्यात बघा, सहा सापडली."

त्या दिवशी बसमध्ये मला उभं राहण्यापुरतीच जागा मिळाली तरी मी बसल्यासारखी हलकी होते. घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नसेन. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "म्हंजी माझ्यातबी आसंल, पण दिसलं नसंल." मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "पोरगी मला वळखंल ना गं?"

मॅडमना आणखी डब्या हव्या होत्या. सरांनी आमची वस्ती सुचवली. तिथं सगळ्या बाया हळदीच्या कामाला जातात, पाय बघितले तरी कळतं. अडचण एवढीच होती की बाया पुरुषाच्या हातून डबी घेईनात, आणि मॅडमच्या हातून घेतली तर रिकामीच परत देत. सर म्हणाले, "मावशींना पाठवू. त्यांच्या हातनं घेतील." ठरलं असं की मी डब्या वाटायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भरून परत घ्यायच्या. मुलीची डबीही त्यांतच जाईल, मला वेगळं मागावं लागणार नाही. डबी देणाऱ्या बाईला सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी जागेवरच जंताची गोळी चघळायला द्यायची. हळद काढायचे दिवस, पुन्हा बाया एका जागी सापडल्या नसत्या.

मी मारुतीच्या पाराजवळ डब्यांची पिशवी घेऊन उभी राहिले. सव्वीस डब्या, प्रत्येकीवर नंबरची पट्टी. बाया जमल्या आणि चेष्टा सुरू झाली.

"काय गं, आता आमचं परसाकडंबी इंग्रजीत वाचणार का?"

"आमच्या म्हातारीचं न्या, लई दिवसाचं तुंबून हाय."

"हसू नका. ही झाकण उघडणार, तो लॅबवाला बघणार. उद्या बाजारात भेटला तर कोणत्या तोंडानं बघायचं त्याच्याकडं?"

हे शेवटचं बोलली ती माझी चुलत जाऊ. तिच्या बोलण्यावर हसणं थांबलं आणि दोघीतिघी निघाल्या. त्यांची लाज मला कळत होती, ती माझीच लाज होती. आमच्याकडं लेकरानं अंगणात घाण केली, की आजाऱ्याचं उचलायचं असलं, की आधी चुलीतली राख टाकायची. उघडं ठेवायचं नाही, उघडं बघायचं नाही. ही रीत इतकी हाडात आहे की मला ते त्या वेळी सुचलं म्हणण्यापेक्षा तोंडातून आपोआप आलं.

"वरून राख टाका," मी म्हटलं. "डबी भरली की वर राख टाका अन् झाकण लावा. उघडलं तरी कोणाला काही दिसणार न्हाई."

सगळ्या थांबल्या. जाऊबाई म्हणाली, "मग बराबर हाय. आण इकडं."

सव्वीसच्या सव्वीस डब्या गेल्या. चार माणसांत मी बोलले आणि लोकांनी ऐकलं, असं पहिल्यांदा झालं होतं. घरी येताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

मुलीची डबी सतरा नंबरची. तिनं सकाळी ती झाकण लावून माझ्या हातात दिली. तिनं राख टाकली नव्हती. ती म्हणालीसुद्धा, "माय, राख काहून टाकायची? तपासायचं तर मोकळं पाह्यजे ना?" मी म्हटलं, "तुला काय कळतं. सर आपल्या वळखीचे हायेत." मग मी चुलीपाशी गेले, झाकण काढलं आणि चिमटीनं नाही, मूठ भरून राख टाकली. डबी हलवून खालीवर केली. बाकीच्या बायांनी चिमूटभर टाकली असेल. माझ्या मुलीची लाज मला सगळ्यांत जास्त होती, म्हणून मी मूठभर टाकली.

दारात आशाताई उभ्या होत्या. त्यांनी मुलीला गोळी दिली, मुलीनं ती चघळली आणि तोंड उघडून दाखवलं.

लॅबमध्ये मॅडम खूश झाल्या. "सव्वीसपैकी सव्वीस? मावशी, तुम्हाला तर माझ्या कॉलेजात न्यायला पाहिजे." त्यांनी हातमोजे घातले आणि पहिली डबी उघडली. मग दुसरी उघडली. मग एकामागून एक सगळ्या उघडून टेबलावर मांडल्या. सव्वीस डब्यांत करडी राख.

तरी त्यांनी दिवसभर प्रयत्न केला. मी मोरीपाशी बसून बघत होते. थेट काचेवर नुसते काळे कण, त्याखाली काही असलं तरी झाकलेलं. मिठाच्या पाण्यात कोळशाचे बारीक तुकडे अंड्यांसारखेच तरंगून वर आले आणि काचेवर साय धरल्यासारखे पसरले. यंत्रात फिरवलं तर राख तळाला जाऊन घट्ट बसली, बोटभर. सतरा नंबरच्या नळीत तर वर पाणीच उरलं नाही. तिन्ही पद्धती महिनाभर एकमेकींहून वेगळ्या निघत होत्या. त्या दिवशी तिन्ही सारख्या निघाल्या.

"राखेत क्षार असतो," मॅडम सरांना सांगत होत्या. "तासन्‌तास त्यात राहिलं की अंडी सुकतात, फुटतात. हे आता कशालाच चालणार नाही. राख टाकायला यांना कोणी सांगितलं?"

सर म्हणाले, "कोण सांगणार? बायाच अडाणी. सवयच हाय त्यांची."

माझ्या हातात साबणाची काच होती. मी ती धुतली, पालथी ठेवली, दुसरी घेतली. एवढंच म्हणायचं होतं की मी सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा घेऊनही उपयोग नाही. गोळी दिलीय सगळ्यांना. आता जंत पडून जातील, मागं पुरावा राहणार नाही." मग सुस्कारा सोडून म्हणाल्या, "असो. बायांना औषध तरी मिळालं." त्यांनी वहीत सव्वीस नंबरांवर एकच आडवी रेघ मारली.

जायच्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या. "मावशी, मघापासून बघतेय, तुम्हाला काही बोलायचंय का?"

सतरा नंबर माझी मुलगी आहे. तिचं लेकरू तिकडं अडकलंय. तुम्ही तिचे पाय बघा, नखं बघा, आणि तुमच्या कागदावर दोन ओळी लिहून द्या की हे जंतांचंच असणार. हे सगळं मी घरून ठरवून आले होते. बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हणूनही बघितलं होतं. पण ते म्हणायचं तर आधी राखेचं म्हणावं लागलं असतं.

मी म्हटलं, "न्हाई."

त्यांनी माझा हात दाबला आणि गाडीत बसल्या.

गोळीनं काम केलं. आशाताईंनी रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या, मुलीची नखं हळूहळू गुलाबी झाली. चार महिन्यांनी ती पायऱ्या न थांबता चढली. मला आनंद झाला का? झाला, पण त्याला आतून कीड होती. मुलगी म्हणाली, "माय, चल आता. बरी झाले, आता काहून न्हाई घेणार?"

हिंगोलीपर्यंत बस, पुढं जीपनं गोरेगाव, तिथून पायी. विहीणबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. सूप खाली न ठेवता त्यांनी मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बरी दिसून राहिली की. कागद आणला?"

मुलगी म्हणाली, "तीन तऱ्हेनं तपासलं, आत्याबाई. काही दिसलं न्हाई."

मी तिला तेवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते.

"दिसलं न्हाई म्हंजी जंत नव्हते," विहीणबाई म्हणाल्या. "मग बरी कशानं झाली? इथं आली की आजारी, तिथं गेली की टवटवीत. असं कोणतं दुखणं असतं, विहीणबाई, तुमीच सांगा. तुमी तर लॅबात हायेत."

मला सांगता आलं असतं. आमच्या वस्तीतल्या कोणाही बाईपेक्षा मला जास्त सांगता आलं असतं. तुमच्याच रानातल्या ओल्या मातीतून ते तिच्या पायात शिरलं. अंडं कसं दिसतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. दोनदा सापडलं नाही कारण जवसाएवढंच बघितलं, आणि तिसऱ्यांदा मी सापडू दिलं नाही. मी सुपातल्या तुरीकडं बघत राहिले. मुलगी माझ्याकडं बघत होती, मी काही तरी बोलेन म्हणून.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "मायलाबी म्हाईत हाय."

नात त्यांच्या पदराआड उभी होती. मुलीनं बिस्किटाचा पुडा पुढं केला. लेकरानं पुड्याकडं बघितलं, मग मान वर करून आजीकडं बघितलं, घेऊ का म्हणून.

परत येताना जीपमध्ये आम्ही मागच्या फळीवर बसलो होतो. मुलीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू नको मनाला लावून घेऊस, माय. तू डब्या गोळा केल्या म्हणून गोळी तरी भेटली. तुझ्यामुळंच वाचले मी."

मॅडमचा अभ्यास छापून आला. सरांनी तो टेबलावरच्या काचेखाली ठेवलाय, इंग्रजीत आहे. सर म्हणाले, आमच्या वस्तीचं त्यात काही नाही, त्या डब्या धरल्याच नाहीत. ते स्वतः अजून थेट काचेवरच बघतात. मिठाच्या पाण्याला वेळ कोणाला आहे. मागच्या आठवड्यात एका बाईनं डबी आणली, वर राख. मी ती मोरीपाशीच अडवली आणि हळू आवाजात म्हटलं, "ताई, राख नका टाकू. उद्या मोकळी घेऊन या." ती लाजून लाल झाली, डबी पदराखाली घेऊन निघून गेली. आली नाही परत.

मुलीला सांगायचं मी कितीदा ठरवलं. ती समोर येते आणि माझा घसा कोरडा पडतो, जसा परक्या माणसापुढं पडतो. आपल्याच पोटच्या पोरीपुढं.

ती आता शिवणकाम करते. लोकांच्या कपड्यांतून उरलेल्या कापडाचे फ्रॉक शिवते, दर दोन-तीन महिन्यांनी एक, मागच्यापेक्षा थोडा मोठा. ते ट्रंकेत ठेवते. काल तिनं नवा फ्रॉक माझ्यापुढं हवेत धरला, जमिनीपासून अंदाजानं.

"एवढी झाली आसंल का गं?"

मी म्हटलं, "आसंल."